संप्रेरकांची ओळख कशावरून?



 आजचा विषय आहे शरीरातली प्रजनन संप्रेरकं: त्यांची वर्गवारी कशी करतात आणि त्यांच्यावर ताबा कोणाचा असतो. असा विषय मराठीत, भर सभेत, स्त्री-पुरुष श्रोत्यांसमोर मांडता येतो, याचं श्रेय द्यायचं तर र. धों. कर्वे यांचं नाव आधी घ्यावं लागेल. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, 1927 साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. एक गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. कर्व्यांनी काम सुरू केलं तेव्हा एकही लैंगिक संप्रेरक शुद्ध स्वरूपात कोणाच्या हाती लागलेलं नव्हतं. पहिलं लागलं ते 1929 साली. म्हणजे धैर्य होतं, पण माहिती तुटपुंजी होती. आज काय आहे? एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन, एएमएच ही नावं लॅबच्या रिपोर्टमधून थेट मोबाइलवर येतात. नावाशेजारी आकडा, आकड्याशेजारी 'जास्त' किंवा 'कमी' असा शेरा, आणि तो शेरा वाचून घरातली माणसं हवालदिल. माहिती उदंड झाली. समज वाढली का?

मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. संप्रेरकाची खरी ओळख त्याच्या रेणूवरून पुरती पटत नाही आणि ते 'पुरुषाचं' की 'स्त्रीचं' यावरून तर मुळीच पटत नाही. ती पटते नियमनाच्या व्यवस्थेतल्या त्याच्या जागेवरून. ते कोणी सोडलं, कोणासाठी सोडलं, कधी आणि किती वेळ सोडलं, आणि पोचल्यावर त्याने उलट कोणाला आवरलं, हे सगळं कळल्याशिवाय नुसतं नाव आणि नुसता आकडा मुका आहे. वर्गवारी हा पाठ्यपुस्तकातला एक धडा असतो आणि नियमन हा दुसरा. शरीरात हे दोन धडे वेगळे नाहीत. आधी आपण लिंगावरून केलेली जुनी वर्गवारी तपासू, मग रसायनशास्त्राने केलेली वर्गवारी पाहू, त्यानंतर नियमनाकडे येऊ, आणि शेवटी या सगळ्याचा आपल्या दवाखान्याशी, जिमशी आणि घराशी काय संबंध, तेही बघू.

पहिली वर्गवारी सर्वांच्या तोंडी आहे: टेस्टोस्टेरॉन पुरुषाचं, इस्ट्रोजेन स्त्रीचं. ही आली कुठून? 1849 साली जर्मनीत ग्योटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी कोंबड्यांवर एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. वृषणं काढून टाकलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, त्याचं आरवणं थांबतं, तो झुंजत नाही. पण वृषण पोटात दुसऱ्या जागी बसवलं, जुन्या नसांशी त्याचा काही संबंध उरला नाही, तरी तुरा टवटवीत राहिला. याचा अर्थ, काहीतरी रक्तातून जात होतं. चाळीस वर्षांनी, 1889 साली, पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झाल्याचं जाहीर केलं. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतंच, हे आज आपल्याला माहीत आहे. पण तारुण्य विकणाऱ्यांचा बाजार त्यावर उभा राहिला आणि तो अजून उठलेला नाही. पुढे 1923 साली अमेरिकेत ॲलन आणि डॉइझी यांनी अंडाशयातल्या पुटिकांच्या द्रवाचा परिणाम सिद्ध केला. 1935 साली ॲमस्टरडॅममध्ये सुमारे 100 किलो बैलांच्या वृषणांतून जेमतेम 10 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं. वृषणातून निघालं ते पुरुषाचं, अंडाशयातून निघालं ते स्त्रीचं. दोन ग्रंथी, दोन पदार्थ, दोन लिंगं. किती सुटसुटीत!

पण ही सुटसुटीत मांडणी जन्मतःच डळमळीत होती. टेस्टोस्टेरॉन हाती लागण्याच्या आदल्याच वर्षी, 1934 साली, नाझी राजवटीमुळे बर्लिन सोडावं लागलेल्या बर्नहार्ड झोंडेक यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. इस्ट्रोजेन भरपूर कुठे सापडतं याचा शोध घेताना ते त्यांना सापडलं वळूघोड्याच्या मूत्रात, आणि तेही प्रचंड प्रमाणात. घोड्याहून मर्दानी प्राणी कोणता दाखवणार? रसायनशास्त्राने यापुढची पायरी दाखवली. शरीर कोलेस्टेरॉलपासून आधी प्रोजेस्टेरॉनच्या कुळातले रेणू करतं, त्यांपासून टेस्टोस्टेरॉनच्या कुळातले, आणि त्यांपासून इस्ट्रोजेन. पहिल्या कुळात कार्बनचे 21 अणू, दुसऱ्यात 19, तिसऱ्यात 18. शेवटचा बदल करणाऱ्या विकराचं नाव ॲरोमटेज. म्हणजे स्त्रीच्या शरीरातला इस्ट्राडायॉलचा, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेनचा, प्रत्येक रेणू आधी तथाकथित पुरुषी रेणू होता. अंडाशयात या कामाची वाटणीच आहे: पुटिकेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एलएचच्या सांगण्यावरून पुरुषी संप्रेरकं बनवतात आणि आतल्या थरातल्या पेशी त्याच ग्रंथीतून येणाऱ्या एफएसएचच्या सांगण्यावरून त्यांचं इस्ट्राडायॉल करतात. आणखी एक आकडा ऐका. निरोगी तरुण स्त्रीच्या रक्तात पाळीच्या चक्रातल्या बहुतेक दिवशी इस्ट्राडायॉलपेक्षा टेस्टोस्टेरॉन जास्त असतं. रिपोर्टमध्ये ते दिसत नाही, कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या एककांत छापलेले असतात. एकाच एककात मांडून पाहा.

पुरुषाच्या बाजूनेही पुरावा आहे. 1994 साली अमेरिकी डॉक्टरांनी एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्याची उंची 204 सेंटिमीटर होती आणि अजून वाढतच होती. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. इस्ट्रोजेनही होतं. बिघाड होता तो इस्ट्रोजेनचा निरोप घेणाऱ्या ग्राहीत. त्यामुळे हाडांची टोकं बंदच झाली नव्हती आणि हाडं मात्र ठिसूळ झाली होती. तोवर समज असा होता की मुलाच्या हाडांची वाढ टेस्टोस्टेरॉन थांबवतं आणि पुरुषाची हाडं तेच बळकट ठेवतं. या एका माणसाने दाखवून दिलं की ते काम पुरुषातही मुख्यतः इस्ट्रोजेनचं आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मग स्त्री-पुरुषांच्या शरीरातला फरक खोटा म्हणायचा का? टेस्टोस्टेरॉनने दाढी फुटते, आवाज घोगरा होतो, हे तर डोळ्यांना दिसतं! फरक खोटा नाही. प्रौढ पुरुषाच्या रक्तात स्त्रीच्या कमीत कमी दहापट टेस्टोस्टेरॉन असतं आणि त्याचे परिणाम ठळक असतात. प्रश्न आहे तो फरक कशातून घडतो हा. काही व्यक्तींची गुणसूत्रं एक्स-वाय असतात, शरीरात वृषणं असतात, टेस्टोस्टेरॉन पुरुषाइतकं असतं. पण त्याचा निरोप घेणारे ग्राही जन्मापासून निकामी असतात. अशा व्यक्तीचं शरीर बाह्यतः स्त्रीचं घडतं. रेणू तोच, प्रमाण तेच, परिणाम शून्य. आता याच्या दुसऱ्या टोकाला या. स्तनाच्या कर्करोगावर दिलं जाणारं टॅमॉक्सिफेन हे औषध स्तनात इस्ट्रोजेनची वाट अडवतं, तर रजोनिवृत्तीनंतर हाडांत इस्ट्रोजेनसारखंच वागतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली आणि 1991 साली 'सहेली' या नावाने बाजारात आलेली गर्भनिरोधक गोळी याच तत्त्वावर चालते. एकच रेणू एका अवयवात 'नको' म्हणतो आणि दुसऱ्यात 'हो'. तेव्हा फरक आहेच, पण तो बाटलीवरच्या लेबलात नाही. प्रमाण, वेळ आणि ग्राही यांच्या जुळणीत आहे.

दुसरी वर्गवारी रसायनशास्त्राची. ती कितीतरी पक्की आहे आणि तिचा उपयोगही मोठा आहे. तीत ढोबळमानाने तीन घराणी. पहिलं स्टेरॉइडचं: इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन. ही स्निग्ध पदार्थांत विरघळतात, पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतात आणि थेट जनुकांचं काम चालू-बंद करतात; म्हणून त्यांचा मुख्य परिणाम तासा-दिवसांनी दिसतो. दुसरं घराणं प्रथिनांचं आणि छोट्या पेप्टाइडांचं: एफएसएच, एलएच, वारेतून येणारं एचसीजी, दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन, प्रसूतीच्या कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन. ही पेशीच्या दारावरच्या ग्राहीला चिकटतात आणि निरोप आत पाठवतात. तिसरं घराणं लहान रेणूंचं. त्यात प्रोलॅक्टिनला आवरणारं डोपामिन येतं. या वर्गवारीने व्यवहारातले प्रश्न चटकन सुटतात. गर्भनिरोधक संप्रेरकं गोळीने का चालतात आणि वंध्यत्वावरच्या उपचारात एफएसएच टोचूनच का द्यावं लागतं? स्टेरॉइड पोटात टिकवता येतं; प्रथिन पोटात पचून जातं.

पण इथेही पाहा, नुसत्या रेणूच्या ओळखीने किती भागतं? एफएसएच, एलएच, एचसीजी आणि थायरॉइडला चालना देणारं टीएसएच, या चौघांची रेणूतली अर्धी साखळी एकसारखीच आहे. रासायनिकदृष्ट्या सख्खी भावंडं, पण एक थायरॉइडचं काम बघतं आणि तीन प्रजननाचं. एलएच आणि एचसीजी तर एकाच ग्राहीवर बसतात. मग दोन संप्रेरकं हवीतच कशाला? एलएच पीयूषिका ग्रंथीतून झटक्यांनी येतं आणि रक्तातून काही मिनिटांत निम्मं होतं. एचसीजी गर्भाकडून येतं आणि त्याला निम्मं व्हायला दिवसाच्या आसपास लागतो. निरोप एकच, पण एक थोडक्यात सांगून जाणारा आणि दुसरा ठाण मांडून बसणारा. एक आईच्या मेंदूच्या बाजूने आलेला आणि दुसरा नुकत्याच रुजलेल्या गर्भाकडून. हा फरक रेणूच्या चित्रात पुरता दिसत नाही. तो नियमनात दिसतो.

म्हणून आता नियमनाकडे येऊ. आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच. पाठ्यपुस्तकात तीन मजले दाखवतात. वरचा मजला मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक, मधला त्याखाली लोंबणारी पीयूषिका ग्रंथी, खालचा अंडाशय किंवा वृषण. वरचा मजला मधल्याशी बोलतो ते चिमुकल्या रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यातून, हे इंग्लंडमधल्या जेफ्री हॅरिस यांनी प्रयोगांनी पटवून दिलं. तो निरोप कोणत्या रेणूचा, याचा शोध घ्यायला रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शाली या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो अधश्चेतक दळले. 1971 साली उत्तर मिळालं: दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, जीएनआरएच. 1977 साली दोघांना नोबेल मिळालं. रेणू सापडला, त्याची रचना कळली, तो प्रयोगशाळेत बनवताही आला. आता वंध्यत्वाचा प्रश्न मिटला, असंच कोणालाही वाटलं असतं. मिटला का?

नाही मिटला, कारण रेणू हाती आला होता, त्याची लय हाती आली नव्हती. 1978 साली पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने माकडिणींवर प्रयोग केले. त्यांच्या अधश्चेतकातून येणारा निरोप बंद केला आणि बाहेरून जीएनआरएच दिलं. दर तासाला एक छोटा डोस असं दिलं, तेव्हा पीयूषिका ग्रंथी पुन्हा एलएच आणि एफएसएच सोडू लागली. तेच जीएनआरएच अखंड धारेने दिलं, तर दोन्ही बंद पडली. पुन्हा तासाची लय धरली, पुन्हा सुरू झाली. आपल्या ऊसपट्ट्यातल्या श्रोत्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको: कालव्याचं पाणी पाळीपाळीने मिळालं तर पीक उभं राहतं, तेच पाणी बारमाही तुंबलं की जमीन चोपण होते आणि तीत काही उगवत नाही. वैद्यकाने या शोधाचा फायदा दोन्ही बाजूंनी घेतला. ज्यांच्या अधश्चेतकात निरोपच तयार होत नाही, त्यांना पंपाने ठरावीक अंतराने जीएनआरएच दिलं की बीज तयार होऊ लागतं. आणि पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन थांबवायचं असेल, किंवा फार लहान वयात सुरू झालेलं वयात येणं रोखायचं असेल, तर त्याच जीएनआरएचचं दीर्घकाळ टिकणारं रूप सतत देतात. एका रुग्णाला जननक्षमता देणारं आणि दुसऱ्याची थांबवणारं औषध एकाच कुळातलं! आता सांगा, या रेणूला कोणत्या खान्यात घालाल? 'चालना देणारं' की 'रोखणारं'? रेणूकडे पाहून उत्तर नाही. लयीकडे पाहूनच आहे.

नियमनातली दुसरी गोष्ट उलट निरोपाची. खालचा मजला नुसता हुकूम पाळत नाही, वरच्यांना आवरतोही. 1932 साली शिकागोमध्ये कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांनी हे मांडलं: ग्रंथीचं संप्रेरक वाढलं की पीयूषिका ग्रंथी हात आखडते, कमी झालं की सैल सोडते. याचा सर्वांत बोलका पुरावा इटलीतला आहे. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयातून येणारी रोखणारी संप्रेरकं जवळजवळ थांबतात, म्हणून पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच अतोनात सोडत राहते, आणि ती मूत्रातून बाहेर पडतात. पिएरो दोनिनी या इटालियन शास्त्रज्ञाने ती मूत्रातून काढण्याची रीत बसवली, आणि वृद्ध जोगिणींच्या आश्रमांतून गोळा केलेल्या मूत्रापासून औषध तयार झालं. त्या औषधाच्या उपचाराने 1962 साली इस्राएलमध्ये पहिलं मूल जन्मलं. ज्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलं, त्यांच्या शरीरातल्या संप्रेरकांनी दुसऱ्यांच्या घरात पाळणा हलला. त्या जोगिणींच्या रिपोर्टवर आज 'एफएसएच फार जास्त' असा शेरा आला असता. तो आजार होता का? नव्हता. वरचा मजला हाका मारत होता आणि खालून ओ येत नव्हती, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

आता या उलट निरोपातली सर्वांत अजब गोष्ट. महिन्याच्या बहुतेक दिवसांत इस्ट्राडायॉल पीयूषिका ग्रंथीला आवरून धरतं. पण पुटिका पक्व झाली, इस्ट्राडायॉल मिलिलिटरला सुमारे 200 पिकोग्रॅमच्या वर गेलं आणि जवळपास दोन दिवस तिथे टिकलं, की तेच इस्ट्राडायॉल त्याच ग्रंथीला रोखायचं सोडून उधाण आणतं. एलएचची लाट उसळते आणि तिच्या आरंभापासून साधारण दीड दिवसाने बीज बाहेर पडतं. कृत्रिम गर्भधारणेत एचसीजीचं इंजेक्शन दिल्यावर 34 ते 36 तासांनी बीजं काढतात, ते या गणिताने. तोच रेणू, तीच ग्रंथी, आठवडाभराच्या आत आज्ञा उलटी! रासायनिक वर्गवारीत हे इस्ट्राडायॉल एका ओळीत बसतं. नियमनात ते महिन्यातून दोन भूमिका करतं. बीज बाहेर पडल्यावर रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन करतो आणि सुमारे चौदा दिवस जगतो. गर्भ रुजला नाही, तर पीतपिंड वाळतो आणि पाळी येते. रुजला, तर गर्भाकडून येणारं एचसीजी पीतपिंडाला जगवतं. पुढे काही आठवड्यांनी वारच प्रोजेस्टेरॉनचा भार उचलते. घरच्या घरी केल्या जाणाऱ्या गर्भचाचणीत जी रेघ उमटते, ती या एचसीजीची.

इथे दुसरा आक्षेप. हे सगळं मान्य, पण शेवटी मेंदूच मालक ना? तीन मजल्यांचं चित्र पाहिलं की असं वाटतंच. पण क्नोबिल यांच्याच प्रयोगांत याचं उत्तर आहे. त्यांनी माकडिणींना दर तासाला एक डोस, अजिबात बदल न करता, दिवसरात्र चालू ठेवला. वरून येणारा निरोप एकसुरी होता. तरीही चक्र पूर्ण झालं: पुटिका वाढली, एलएचची लाट आली, बीज सुटलं, पीतपिंड झाला. म्हणजे महिन्याचं घड्याळ अंडाशयात होतं. मेंदूने फक्त परवानगी चालू ठेवली होती. आणि मेंदूही कोणाकोणाचं ऐकतो. शरीरातल्या चरबीतून येणारं लेप्टिन घटलं, उपासमार किंवा अतिश्रम झाले, की जीएनआरएचची लय मंदावते आणि पाळी थांबते. बाळ अंगावर पीत असतं तोवर प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं आणि स्तनपानाने तीच लय दबते. इन्शुलिन वाढलं की अंडाशयात पुरुषी संप्रेरकं वाढतात. पीसीओएस या अंडाशयाच्या विकारात पाळीची अनियमितता, चेहऱ्यावरचे केस आणि मधुमेहाचा धोका एकत्र येतात, त्यामागे इन्शुलिनचा हा हात असतो. 'प्रजनन संप्रेरकं' या खान्याची भिंतसुद्धा इथे गळते. या व्यवस्थेत मालक कोणी नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला बांधलेला आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. हे सगळं डॉक्टरांना ठीक. सामान्य माणसाला 'पुरुषाचं' आणि 'स्त्रीचं' एवढं सोपं सांगितलं तर बिघडलं कुठे? बिघडतं, आणि कुठे कुठे ते सांगतो. जिमच्या आसपास 'मर्दानी ताकद' म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं विकली जातात. पुरुषाचं संप्रेरक, जास्त घेतलं तर पुरुषत्व वाढेल, हा सोपा हिशेब. शरीराचा हिशेब वेगळा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की वरचे मजले गप्प बसतात, एलएच घटतं, वृषण स्वतः टेस्टोस्टेरॉन करायचं थांबवतं. शुक्राणू बनायला वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट टेस्टोस्टेरॉन लागतं. ते इंजेक्शनने तिथे पोचत नाही. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅमचं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं, ते गर्भनिरोधक म्हणून! निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यातले शुक्राणू पूर्ण नाहीसे झाले. जो तरुण पुरुषत्वासाठी ही सुई टोचून घेतो, त्याला हे कोणी सांगतं का?

दुसरीकडे याच सोप्या लेबलाने एका धावपटूचं काय झालं ते आठवा. 2014 साली ओडिशाच्या द्युती चंदला राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळलं गेलं, कारण तिच्या शरीरातलं नैसर्गिक टेस्टोस्टेरॉन ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. ती लढली. जुलै 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते नियम स्थगित केले, कारण जास्त टेस्टोस्टेरॉनमुळे अशा खेळाडूंना नेमका किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघटनेला देता आला नाही. स्त्रियांच्या स्पर्धेत न्याय्य सीमा कुठे आखावी हा अवघड प्रश्न आहे आणि तो आज एका वाक्यात सुटणार नाही. नियम 2018 साली पुन्हा आले, पुढे आणखी कडकही झाले. पण एवढं नक्की म्हणता येतं: रक्तातल्या एका आकड्याने शरीराची गोष्ट पूर्ण सांगितली जात नाही, हे आपण वर पाहिलेला प्रत्येक पुरावा सांगतो. आणि घराघरांतलं काय? चेहऱ्यावर केस आलेल्या मुलीला 'तुझ्यात पुरुषाचे हार्मोन आहेत' असं म्हटलं जातं, जणू तिच्या शरीरात परका कोणी शिरला आहे. ते प्रत्येक स्त्रीत असतात. त्यांच्याशिवाय तिचं इस्ट्रोजेन तयारच होत नाही. तिच्या आजाराला उपचार लागेल. तिला लाज कशाला लागेल?

आणि ही व्यवस्था नीट समजली की काय साधतं, तेही आपल्याच देशाने पाहिलं आहे. 1978 साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी संप्रेरकं देऊन अंडाशयाला चालना दिली आणि देशातलं पहिलं परीक्षानळीतलं बाळ जन्माला आणलं. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या बाळाची रीतसर शास्त्रीय नोंद झाली. पुढे आनंदकुमारांनीच मुखोपाध्याय यांच्या नोंदी अभ्यासल्या आणि 1997 साली पहिलेपणाचा मान त्यांना जाहीरपणे दिला. शास्त्रज्ञाचा मोठेपणा म्हणतात तो हा. दोन्ही ठिकाणी यश मिळालं ते लय, वेळ आणि उलट निरोप यांचं गणित जुळवल्यामुळे.

तर मित्रहो, थोडक्यात उजळणी करतो. लिंगावरून केलेली वर्गवारी पुराव्याला टिकत नाही. रसायनावरून केलेली टिकते, पण अर्धंच सांगते. नियमनातल्या जागेवरून केलेली वर्गवारी शिकायला कठीण आहे, पण उपचाराला आणि व्यवहाराला तीच उपयोगी पडते. म्हणून जाता जाता तीन विनंत्या. शिक्षकांना विनंती, की वर्गात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दोन रकान्यांत लिहू नका. कोलेस्टेरॉलपासून सुरू होणाऱ्या एकाच साखळीत लिहा. डॉक्टरांना विनंती, की संप्रेरकाचा आकडा सांगताना रुग्णाला पाळीचा कितवा दिवस, कोणतं वय आणि कोणतं औषध चालू आहे याचा त्या आकड्याशी असलेला संबंधही सांगा. उलटीवर दिलेल्या डोमपेरिडोनसारख्या साध्या गोळीनेही प्रोलॅक्टिन वाढतं. आणि तुम्हा सर्वांना विनंती, की मोबाइलवर रिपोर्ट आला आणि त्यात 'जास्त' किंवा 'कमी' असा शेरा दिसला, तर घाबरण्याआधी आणि दुकानातून काही आणण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: हा आकडा कोणाच्या निरोपाला दिलेलं उत्तर आहे?